खारेपाटांतून समुद्राकडे : तीन दिवसांचा पायीं प्रवास

मुंबईहून अलिबागेस जाणारा प्रवासी एक तर लाँचीनें मांडव्यास उतरतो, नाहीं तर एस. टी. च्या गाडींतून वडखळ-पोयनाडमार्गें कांहीं तासांत किनारा गाठतो. दोन्ही मार्गांनीं समुद्र भेटतो. परंतु तो कोठें सुरू होतो हें कांहीं कळत नाहीं. तें कळावें अशी ज्यांची इच्छा असेल त्यांनीं धरमतरच्या पुलापाशीं गाडी सोडावी आणि तीन दिवस पायीं चालावें. पेण व अलिबाग या तालुक्यांतील या सखल, खारट मुलखास तेथील लोक खारेपाट म्हणतात. त्यांतून जाणारी वाट नकाशावर ठळक दिसत नाहीं, कारण ती बहुतेक शेताच्या बांधांवरून जाते. पहिल्या दिवशीं खाडीच्या पश्चिम कांठानें पोयनाड, शहापूर व धेरंड हीं गांवें. दुसऱ्या दिवशीं रांजणखारच्या बाजूनें कनकेश्वराची टेकडी व तेथून मापगांवावरून किहीम. आणि तिसऱ्या दिवशीं वाळूवरून नवगांव, थळ व वरसोली करीत अलिबाग, असा हा क्रम आहे. रोजची चाल बारा-पंधरा किलोमीटरांहून फारशी अधिक नाहीं. चालण्याची थोडीबहुत संवय असलेल्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ती जड जाऊं नये.

मात्र एक गोष्ट प्रथमच सांगितली पाहिजे. डोंगरांतील वाट सकाळीं जेथें असते तेथेंच ती संध्याकाळींही असते. खारेपाटांत तसें नाहीं. येथें जमीन आणि समुद्र यांच्यामधील सीमा जागेची नसून वेळेची आहे. सकाळीं नऊ वाजतां जेथें होडी चालते तेथें दुपारीं तीन वाजतां बगळे चालत असतात. म्हणून या प्रवासाची तयारी शिदोरीपासून नव्हे, तर पंचांगापासून करावी लागते.

पृथ्वी स्वतःभोंवती फिरतां फिरतां चंद्रही आकाशांत थोडा पुढें सरकतो. त्यामुळें किनाऱ्यावरील एखादें ठिकाण पुन्हां चंद्रासमोर येण्यास चोवीस तासांऐवजीं सुमारें चोवीस तास पन्नास मिनिटें लागतात. तेवढ्या अवधींत आपल्या किनाऱ्यावर दोन भरत्या व दोन ओहोट्या होतात, आणि भरतीची वेळ दररोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढें जाते. कोंकणांतील दर्यावर्दी लोकांचा जुना हिशेब यावरच बसविलेला आहे. तिथीच्या अंकास पाऊण या अंकानें गुणावें. जें उत्तर येईल ती पूर्ण भरतीची वेळ, आणि तींत सहा तास मिळविले कीं पूर्ण ओहोटीची. अष्टमीस आठ पाऊणें सहा, म्हणजे सहा वाजतां भरती व बारा वाजतां ओहोटी. पौर्णिमेस पंधरा पाऊणें सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो वा वद्य, रीति तीच. या हिशेबांत अर्धा-पाऊण तासाचें अंतर पडतें. म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या छापील कोष्टकावरून तो ताडून पाहावा हें उत्तम. पण ज्याला कोष्टक वाचतां येतें आणि पाऊणकी येत नाहीं त्यानें खाडीच्या कांठीं एकट्यानें फिरूं नये असें आमचें मत आहे. विजेवर चालणारें यंत्र भिजलें कीं बंद पडतें. पाऊणकी भिजत नाहीं.

वेळेइतकेंच भरतीचें बळही पाहावें लागतें. पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास सूर्य आणि चंद्र एकाच रेषेंत ओढतात. त्या वेळच्या भरतीस उधाण म्हणतात. मोठ्या उधाणांत आपल्या किनाऱ्यावर ओहोटीच्या खुणेपासून भरतीच्या खुणेपर्यंत पाणी चार मीटरांहूनही अधिक चढतें. अष्टमीच्या सुमारास ही ओढ विभागली जाते. त्या मंद भरतीस भांगाची भरती म्हणतात. तसेंच खाडीच्या तोंडाशीं जी भरती होते ती आंतल्या गांवीं उशिरां पोहोंचते.

हें सर्व ध्यानांत घेऊन आम्हीं मार्गशीर्ष शुद्ध एकादशी, द्वादशी व त्रयोदशी हे दिवस निवडले. एकादशीस सव्वाआठ वाजतां भरती व सव्वादोन वाजतां ओहोटी. त्रयोदशीस ओहोटी पावणेचारच्या सुमारास. म्हणजे पहिल्या दिवशीं सकाळीं बांधावरून खाडी तुडुंब भरलेली पाहावयास मिळते, आणि शेवटच्या दिवशीं अलिबागच्या जलदुर्गापर्यंत पाय टेकवीत जातां येतें. (एकादशीचा उपवास करणाऱ्या मंडळींनीं शेंगदाणे व उकडलेलीं रताळीं बरोबर घ्यावींत, बांधावर कांहींच मिळत नाहीं.)

धरमतरची खाडी म्हणजे सह्याद्रींतून उतरणाऱ्या अंबा नदीचें शेवटचें, समुद्रानें आपलेंसें केलेलें अंग होय. भरतीच्या पाण्यावर तींतून मोठमोठे मालवाहू तराफे वर येतात. बांधावर उभें राहून पाहिलें म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट दिसते. उजव्या हातास खाडीचें पाणी आणि डाव्या हातास भाताचें कापलेलें शेत. आणि पाणी शेताहून उंच! मध्यें आहे ती केवळ चिखलमातीची भिंत. या भिंतीस येथें बाहेरकाठा म्हणतात. चिकण माती थर देऊन चोपावयाची, लाटेच्या बाजूस दगड लावावयाचे, आणि ठिकठिकाणीं उघाडी ठेवावयाची, अशी तिची रचना असते. उघाडी हें या सर्व कारागिरीचें मर्म आहे. बांधाच्या पोटांत ठेवलेल्या या दाराची झडप बाहेरच्या बाजूस उघडते. भरती चढूं लागली कीं खाडीचें पाणीच तिला दाबून बंद करतें. ओहोटी झाली कीं आंत सांचलेलें पावसाचें पाणी तिला ढकलून बाहेर पडतें. समुद्राच्याच जोरानें समुद्राला बाहेर ठेवणारें हें साधें दार ज्यानें प्रथम बसविलें त्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं. परंतु त्याच्या बुद्धीवर आजही गांवेंच्या गांवें जेवत आहेत.

खारजमिनीचें शेत कसें पिकतें हेंही थोडक्यांत सांगतों. या भागांत पावसाळ्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तो मातींतील मीठ धुऊन खालीं नेतो व उघाडीवाटे बाहेर काढतो. त्या चार महिन्यांत भात उभें राहतें. पाऊस सरला, ऊन लागलें, कीं खालचा ओलावा वर चढूं लागतो व आपल्याबरोबर मीठ घेऊन येतो. उन्हाळ्यांत या शेतांवर दुधावरील सायीसारखी पांढरी पापडी दिसते ती हीच. पूर्वीं येथें लालसर तांदुळाचें राता नांवाचें खारें सोसणारें भात लावीत. पुढें पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानें पनवेल या नांवाचे, अंकांनीं ओळखले जाणारे वाण काढले. मुंबईच्या खार या उपनगराच्या नांवांतही हीच खार दडलेली आहे. तेथें आतां भाताऐवजीं घरें उगवतात, एवढाच फरक.

शहापूरच्या अलीकडे आम्हांस एका ठिकाणीं बांध तुटलेला दिसला. असें भगदाड पडलें म्हणजे खांड गेली असें येथें म्हणतात. खांडीची सुरुवात फार लहान असते. चिंबोरीनें बांधांत बीळ केलें, तें कोणीं बुजविलें नाहीं, उधाणाच्या रात्रीं त्यांतून बोटभर पाण्याची धार आंत आली. एवढें पुरे होतें. आंत शिरलेलें पाणी ओहोटीस बाहेर जातें, पुन्हां भरतीस आंत येतें, आणि दिवसांतून चार वेळां वाहणारा तो ओघ आपली वाट आपणच खणीत जातो. पहिल्या दिवशीं चार माणसांच्या चार टोपल्यांनीं जें मिटलें असतें तें महिन्यानें शंभर माणसांस आटोपत नाहीं. शेतांत मीठ बसतें तें वेगळेंच. खांड बांधली तरी पुढील कांहीं पावसाळे त्या जमिनीस केवळ धुऊन निघण्यांतच घालवावे लागतात.

पूर्वीं खांड गेली कीं सारा गांव धांवून जाई. परंतु ज्या हातांनीं हे बांध राखले त्या हातांस पिकाचा न्याय्य वांटा मिळत नसे. जमिनीचें उत्पन्न खोताकडे जाई आणि राबणारें कूळ कर्जांत राही. या अन्यायाविरुद्ध पोयनाडजवळील चरी व आसपासच्या गांवांतील कुळांनीं १९३३ सालीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं जमीन न कसण्याचा निश्चय केला, आणि तो १९३९ पर्यंत, म्हणजे सुमारें सहा वर्षें, पाळला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशीं उभे राहिले. १९३७ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक त्यांनींच मांडलें. चरीच्या रस्त्यानें जातांना आपल्या विद्यार्थ्यांनीं क्षणभर थांबून एवढें मनांत आणावें कीं, डोळ्यांसमोर पीक देणारी जमीन असतां ती सहा वर्षें न नांगरणें ही केवढी कठीण गोष्ट आहे. वर्षभराचें धान्य ज्याच्या घरांत नाहीं त्यानें ती केली.

पुढें १९४८ सालीं मुंबई इलाख्यांत व १९७९ सालीं महाराष्ट्रांत खारजमिनींविषयीं कायदे झाले, आणि पुष्कळ बांध सरकारी योजनेंत आले. तरी खांडी जातातच. तरुण मंडळी नोकरीस गेली. बांधावर रोज फिरणारा, बीळ दिसतांच पायाच्या टांचेनें तें दाबणारा मनुष्य कमी झाला. मग त्या पाण्याखालच्या शेतांत वाहून आलेलीं तिवराचीं बीजें रुजतात आणि पांच-सात वर्षांत तेथें वन उभें राहतें. सातबाराच्या उताऱ्यावर भातशेती आणि डोळ्यांसमोर कांदळवन! मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालीं कांदळवनाच्या तोडीस मनाई केली व २०१८ सालीं आपला अंतिम निर्णय दिला. तो आम्हांस योग्यच वाटतो. कारण मुंबईच्या आसपास भराव घालण्याच्या लोभानें या वनांची अपरिमित हानि झाली होती. परंतु ज्याची खांड वेळेवर बांधली गेली नाहीं त्या शेतकऱ्याच्या दृष्टीनें पाहिलें, तर त्याचें शेत आधीं समुद्रानें घेतलें आणि मागाहून झाडांनीं. दोष झाडांचा नाहीं, शेतकऱ्याचाही नाहीं. पहिल्या दिवशीं ज्या चार टोपल्या माती पडावयास हवी होती ती पडली नाहीं, हें त्या तंट्याचें मूळ होय. वास्तविक कांदळवन व बांध हे एकमेकांचे वैरी नव्हत. बांधाच्या पुढें तिवरांची दाट रांग असेल तर लाट तींतच मोडते आणि बांधाचें आयुष्य वाढतें. हें म्हाताऱ्या शेतकऱ्यांस कोणीं शिकवावें लागत नाहीं.

दुपारीं ओहोटीच्या वेळीं हीं झाडें जवळून पाहावींत, पण बांधावरून किंवा धक्क्यावरून. चिखलांत उतरून नव्हे. या काळ्या चिखलांत हवा जवळजवळ शिरतच नाहीं. त्यास येणारी कुजक्या अंड्यासारखी घाण त्यामुळेंच. झाडाच्या मुळांस तर श्वास हवा. म्हणून तिवर आपलीं मुळें पेन्सिलींसारखीं सरळ चिखलावर काढतो व ओहोटीच्या वेळीं त्यांवाटे हवा घेतो. कांदळ खोडापासून कमानीसारखे आधार सोडून उभा राहतो. त्याचें बीज झाडावर असतांनाच अंकुरतें व लांब शेंगेसारखें लोंबतें; तें पाण्यावर तरंगत जाऊन दुसरीकडे रुजतें. तिवराचें पान जिभेस लावून पाहावें, तें खारट लागतें. नकोसें झालेलें मीठ तें झाड पानांवाटे बाहेर टाकतें. मात्र हुरी नांवाचें एक झाड याच वनांत असतें. त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेल्यास फार अपाय होतो. तेव्हां ओळख पटल्याशिवाय कोणतेंही पान तोडूं नये. पांढऱ्या चिपीस महाराष्ट्रानें २०२० सालीं राज्याचें कांदळवृक्ष म्हणून मान दिला. या झाडांच्या पायाशीं निवट्या नांवाचे मासे चिखलावर उड्या मारीत असतात, आणि तुतारी व चिखल्या हे पक्षी चोंचीनें चिखल टोंचीत फिरतात.

चिखलाविषयीं पालकांस धास्ती वाटणें स्वाभाविक आहे, म्हणून स्पष्टच लिहितों. कोणी गुडघ्याच्या वर रुतलाच तर त्यानें उभ्यानें धडपडूं नये. प्रत्येक झटक्यानें पाय अधिक खोल जातो. पाठीमागें रेलून, अंगाचा भार पसरून, एकेक पाय हळूहळू हलवीत वर काढावा; इतरांनीं जवळ न जातां काठी किंवा दोरी पुढें करावी. खरें भय चिखलाचें नसून चिखलांत असतां येणाऱ्या भरतीचें आहे. म्हणून बरोबरच्या मोठ्या माणसाजवळ घड्याळ असावें आणि ओहोटी पूर्ण झाल्यावर कोणासही खाडीच्या पात्राकडे जाऊं देऊं नये. गोडें पाणी बांधावर मिळत नाहीं. प्रत्येकानें निदान दोन लिटर घ्यावें.

पहिला मुक्काम शहापूर-धेरंडच्या बाजूस आधीं विचारून ठरवावा. येथें घरोघरच्या तळ्यांत जिताडा नांवाचा मासा वाढवितात. तो खाऱ्या व गोड्या दोन्ही पाण्यांत जगतो, आणि पाहुण्यास जिताडा वाढणें हा येथें मोठा मान समजतात.

दुसऱ्या दिवसाची वाट सोपी आहे. रांजणखारसारखीं गांवें ओलांडलीं कीं जमीन चढूं लागते आणि पायाखालीं लाल माती येते. कनकेश्वराची टेकडी खाडी व समुद्र यांच्यामध्यें उभी आहे. दगडी पायऱ्यांनीं वर गेल्यावर शिवमंदिर व पुष्करणी लागते. झाडींतून जेथें मोकळें मिळतें तेथून पूर्वेस खाडीचा करडा पट्टा आणि पश्चिमेस समुद्राचा निळा पट्टा पाहावा. काल ज्या पाण्याकडे आपण भिंतीआडून पाहत होतों तेंच हें.

किहीमच्या किनाऱ्यावर पोहोंचतांच प्रथम सुरूचीं झाडें व माड दिसतात. याच गांवीं १९३० सालीं सालिम अली यांनीं सुगरण पक्ष्यांचें निरीक्षण केलें. नर आधीं घरटें अर्धेंच विणतो. मादी येऊन तें पारखते. तिला पसंत पडलें तरच तो तें पुरें करतो, आणि लगेच दुसऱ्या मादीसाठीं दुसरें घरटें आरंभितो, असें त्यांस आढळून आलें. हें संशोधन १९३१ सालीं मुंबईच्या निसर्ग-इतिहास मंडळाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. त्यासाठीं त्यांनीं मोठीं यंत्रें वापरलीं नाहींत. एका जागीं पुष्कळ वेळ स्वस्थ बसले, इतकेंच. आपल्या शाळेंतील चुळबुळ्या मंडळींनीं तो प्रयोग करून पाहावा.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं पावणेदहाला भरती. म्हणून घाई करूं नये. दहा-साडेदहास पाणी मागें सरूं लागलें कीं निघावें. सुकी वाळू पायाखालून निसटते आणि तासाभरांत पोटऱ्या दुखूं लागतात. पाणी नुकतेंच ओसरलेली ओली वाळू मात्र फरशीसारखी घट्ट असते, कारण तिच्या कणांस मधलें पाणी एकत्र धरून ठेवतें. लहान खेकड्यांनीं वाळूच्या गोळ्यांची जी नक्षी मांडलेली असते ती पाहावी. वाळूंतील अन्न खाऊन उरलेली वाळू ते गोळ्या करून टाकतात. भरती आली कीं सारें पुसलें जातें आणि पुन्हां नव्यानें आरंभ होतो.

नवगांव येथें बेने इस्राएल लोकांचें प्राचीन दफनस्थान आहे. आपल्या पूर्वजांचें गलबत याच किनाऱ्याजवळ फुटलें आणि वांचलेलीं थोडीं माणसें येथें राहिलीं, अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेलाचे घाणे चालवीत व शनिवारीं काम बंद ठेवीत, म्हणून कुलाब्यांतील लोक त्यांस शनिवार तेली म्हणत. मराठी ही त्यांचीही घरची भाषा झाली. थळच्या समोर समुद्रांत खांदेरी व उंदेरी हीं दोन बेटें दिसतात. खांदेरीवर शिवाजी महाराजांनीं १६७९ सालीं किल्ला बांधावयास घेतला आणि इंग्रजांच्या आरमारास न जुमानतां तो राखला. २०२५ सालीं जागतिक वारशांत गणल्या गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत त्याचा समावेश झाला.

वरसोली मागें टाकून अलिबागेस पोहोंचेपर्यंत अडीच-तीन वाजतात. समोर कुलाब्याचा जलदुर्ग असतो, आणि त्याच्याकडे जाणारी वाट समुद्र हळूहळू उघडी करीत असतो. येथें पुन्हां तोच हिशेब. तेरा पाऊणें पावणेदहा; अधिक सहा, पावणेचार. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधीं, पाणी घोट्याइतकें उरलें असतां, स्थानिक माणसास विचारून निघावें. आणि पाणी फिरतांच परतीस लागावें. मध्यंतरीं जो वेळ मिळतो तो किल्ला पाहण्यास पुरेसा आहे. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या दिवसांत याचें काम सुरू झालें. पुढें आंग्र्यांच्या आरमाराचें हें मुख्य ठाणें झालें. चोहोंकडे खारें पाणी असतां किल्ल्याच्या आंत गोड्या पाण्याची विहीर आहे. तीन दिवस मीठ पाहिल्यानंतर तिच्या कांठीं थोडें बसावें. मात्र कोणी तरी एकानें तटावर उभें राहून वाळूंतल्या त्या वाटेवर लक्ष ठेवावें, आणि खडकांमधल्या डबक्यांत पाणी हलूं लागलें कीं सर्वांस हांक मारावी.